मोगऱ्याच्या कडेचा दगड

त्या सकाळी आम्ही दोघांनी मिळून मोगरा खुडला. शेवटचं काय एकत्र केलं असं कोणी विचारलं तर माझ्याकडे सांगायला एवढंच आहे. वैशाखाचे दिवस, उजाडायच्या आधीच अंगाला घाम. मी वाफ्यात वाकलेलो, आणि मागून द्वारका आली. डोक्यावरून न्हाऊन आलेली. ओले केस पंच्यात गुंडाळलेले, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात तिची काळी पडलेली परडी. शिमग्यापासून तिनं वाफ्यात पाऊल टाकलं नव्हतं. कडेच्या दगडावर बसायची आणि तिथून मला हुकूम सोडायची. त्या दिवशी मात्र बांध ओलांडून सरळ आत आली, पदर खोचला आणि माझ्या शेजारच्या ओळीला लागली.

"ढोपरं सुटली वाटतं?" मी विचारलं.

"सुटली. आता झाडांना पन सोडा तुमच्या हातातून. उद्याच्या कळ्या आजच ओरबाडल्यात."

मोगऱ्याची कळी सकाळी खुडायची ती टपोरी, पांढरी, पण मिटलेली. संध्याकाळी बाईच्या केसांत ती उमलते. जिच्यावर हिरवी झाक आहे ती उद्याची, ती सोडायची. काम एवढं सोपं, आणि सगळा जन्म गासच्या ह्या वाडीत काढून माझा हात अजून चुकतो. द्वारकेचा चुकत नसे. दोन्ही हातांनी खुडायची, बघायचीसुद्धा नाही. तोंड आपलं बोलतंय, बोटं आपली चालतायत. त्या सकाळी ती खूप बोलली. आमचा मुलगा सुरेश रविवारी येणार, त्याला वालाचं बिरडं करायचं, वाल आजच भिजत घालायला हवेत. शेजारच्या फिलूच्या आंब्याला कैऱ्या लागल्यात आणि ती एकटी त्यांचं काय करणार आहे. खाटेखाली बरणी आहे ती काढून द्या. मी हूं हूं करत होतो. ओळ संपली तेव्हा तिनं माझ्या परडीत डोकावून पाहिलं, आणि आपल्या परडीतल्या दोन ओंजळी माझ्या परडीत टाकल्या. "फिलू बघंल आनि हसंल तुम्हाला," म्हणाली. मग आम्ही ओट्यावर बसून चहा घेतला...

त्यानंतर आठवडाही पुरा गेला नाही.

तिच्या गर्भाच्या पिशवीत पू झाला होता. हे मी सरळ लिहितो. दुखवट्याला आलेल्या प्रत्येकाला घरातले "पोटाचं झालं" असं सांगत होते, आणि ऐकून ऐकून माझे कान विटले. पोटाचं म्हणजे काय? पोटाचं अपचनही असतं. मी चौथी शिकलेला माणूस, लिहिण्याची सवय नाही. सून मनीषा म्हणाली, बाबा, बोलता तसंच लिहा, पेपरच्या पुरवणीवाले छापतात. छापतील तर छापोत. दोन दिवसांनी हा कागद कुठल्यातरी वाडीत फुलांच्या पुडीला लागेल, हे मला ठाऊक आहे. मीही लावतो. त्याआधी वाचा.

द्वारका अर्नाळ्याची. तिच्या बापाची वाडी समुद्राला लागून होती, दारात नारळ आणि वाऱ्यावर सुकणाऱ्या बोंबलांचा वास. लग्न होऊन गासला आली तेव्हा तिला मोगऱ्याचा वास सोसायचा नाही. पहिल्या हंगामात कपाळाला फडकं बांधून फिरायची. "ह्यापरीस बोंबील बरा," म्हणायची, अर्थात माझ्या आईसमोर नाही. मी म्हटलं, देवाला काय बोंबील वाहणार का? तर म्हणाली, "वाहून बघा, देव मागून घेईल." आणि गासला वारा नाही ही तिची तक्रार मरेपर्यंत राहिली. ऐन उन्हाळ्यात पदरानं वारा घेत म्हणायची, "तुमच्या गावात वारा पन माझ्या माहेरून आनावा लागतो."

आता दगडाचं सांगतो. आमच्या विहिरीवर धुण्याचा मोठा दगड होता. तो मधोमध चिरला, म्हणून वडिलांनी तो ढकलत ढकलत मोगऱ्याच्या वाफ्याच्या कडेला आणून टाकला. आमच्या घरात रीत अशी की बाई बाहेरची झाली की चार दिवस तिनं मोगऱ्यात जायचं नाही. फूल देवाला जातं, आणि झाडही करपतं म्हणायचे. करपतं की नाही मला माहीत नाही, कारण कोणी करून बघितलंच नाही. पण माझ्या आईच्या हिशेबी विटाळ कामाच्या आड येत नव्हता. फुलाला हात लावायचा नाही, पण गजऱ्याच्या दोऱ्याला चालतो, असा तिचा कायदा. केळीच्या खोडाचं सोपट काढायचं, ते भिजवून त्याचा बारीक दोरा काढायचा, ह्या दोऱ्यात आम्ही फुलं बांधतो. मग त्या चार दिवसांत द्वारका दगडावर बसून सोपट सोलायची, आणि तिच्या वाट्याचं खुडणं माझ्याकडे यायचं.

त्या काळी आमचं घर माणसांनी खच्चून भरलेलं. आई, वडील, धाकटा भाऊ, विधवा आत्या. नवरा-बायकोनं दिवसाउजेडी बोलत उभं राहायचं नाही, अशी पद्धत. पण त्या चार सकाळी मी वाफ्यात आणि ती वाफ्याबाहेर, आणि कोणाला काही म्हणता येत नव्हतं, कारण ती मला काम सांगत होती. "डाव्या हाताला. खालच्या फांदीत. अहो, पान उचला ना." मधे मधे दुसरंही बोलणं व्हायचं. मला एस.टी.चा ड्रायव्हर व्हायचं होतं, हे मी तिच्याशिवाय कोणालाही सांगितलं नाही. ती अर्नाळ्याच्या होड्यांचं सांगायची, होडी लांब असतानाच कोणाची आहे ते तिची आई कशी ओळखायची त्याचं. सुरेशचं नाव आम्ही तिथेच ठरवलं. एरवी महिनाभर मी तिच्याशी जेवढं बोलायचो, त्यापेक्षा त्या चार सकाळी जास्त. आमचा संसार त्या वाफ्याच्या कडेला झाला म्हटलं तरी चालेल.

आणि ह्यातलं मुख्य आम्ही कधी बोलून दाखवलं नाही. "मी बाहेरची झाले" असं द्वारका मला उभ्या जन्मात म्हणाली नाही. सकाळी ती दगडावर दिसली की समजायचं. डोक्यावरून न्हाऊन, परडी घेऊन आत आली की समजायचं. मधे शब्द नाही. सुरेशच्या वेळी दगड एक महिना रिकामा राहिला, दुसऱ्या महिन्यातही रिकामा राहिला, तेव्हा मी खुडता खुडता थांबलो आणि तिच्याकडे पाहिलं. ती खाली मान घालून खुडत होती, आणि तिचे कान लाल झाले होते. एवढंच आमचं सांगणं आणि एवढंच आमचं ऐकणं.

पुढे वय झालं, दगड कायमचा रिकामा झाला. आई-वडील गेले, आत्या गेली, भाऊ वाटणी घेऊन वेगळा झाला. आता घरात दोघंच, वाटेल तेव्हा बोलता येत होतं, आणि बोलायला काही नव्हतं. तसं नाही, होतं... पण रोज पुढ्यात असलेल्या माणसाशी काय बोलणार. जेवलात का, गोळी घेतली का. तिला साखर होती, मला दम. दगडावर मांजर झोपायचं, मी फवारणीचा पंप टेकवायचो. सुरेशनं नायगावला मोठ्या इमारतीत घर घेतलं, तिथून खाडी दिसते. द्वारका हौसेनं राहायला गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत. मी म्हटलं, काय गं, सुनेशी भांडलीस का? "भांडायला ती घरात असायला हवी, ती कामाला जाते," म्हणाली. "तिथं वारा आहे हो, माझ्या माहेरासारखा. पन पाय टेकायला माती नाही."

ह्या वर्षी शिमगा झाला, आणि एका सकाळी मी वाफ्याकडे गेलो तर द्वारका दगडावर. पुढ्यात सोपट, हातात बारीक सुरी. मांजर बाजूला बसलेलं, त्याची जागा गेल्यासारखं तोंड करून.

"काय गं," मी म्हटलं, "ढोपरं?"

"हां," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली जरा वेळ. मग सोपटाकडे बघत म्हणाली, "ढोपरं."

मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. सत्तरीची बाई, साखरेचं अंग, आयुष्यभर वाकलेली, ढोपरं दुखणारच. बसली तर बसली. ती रोज सकाळी यायची, बसायची, आणि जुनं सगळं पुन्हा सुरू झालं. "डाव्या हाताला. खालच्या फांदीत." मी खुडायचो, चुकायचो, शिव्या खायचो. तिच्या आईच्या होड्या परत आल्या, माझी एस.टी. परत आली. एकदा म्हणाली, "बरं झालं नाही झालात ड्रायव्हर. कच्च्या कळीसारखी माणसं मधल्याच फाट्यावर उतरवली असती." मी इतका हसलो की पलीकडून फिलूनं विचारलं, काय झालं. त्या दिवसांत मी एकदा तिला म्हटलं, तुला तिथे बसून पानाखालची कळी दिसते कशी? मी झाडापाशी उभा आहे, मला दिसत नाही. "या बसायला, मग दिसंल," म्हणाली. मी म्हटलं, पुरुष काय दगडावर बसतो? "नाही बसत, म्हनून तर दिसत नाही."

आता मागे वळून एकेक आठवतं. देवाचा दिवा तुम्हीच लावा म्हणायची, मला वाकवत नाही. लोणच्याच्या बरणीला हात लावत नव्हती, मला काढून द्यायला सांगायची. आपलं धुणं विहिरीच्या मागे वेगळं धुवायची, वेगळं वाळत घालायची, ते मी पाहिलंसुद्धा नव्हतं, फिलूनं पाहिलं. जेवण कमी झालं होतं, उन्हाळा आहे म्हणाली. मी तिला ढोपराला लावायला तेल आणून दिलं. ते तिनं घेतलं, आणि रोज रात्री खरोखर ढोपरांना लावत बसायची...

मग ती न्हाऊन आली आणि आम्ही मोगरा खुडला, ते वर लिहिलंच आहे.

दोन दिवसांनी, भर दुपारी, तिला थंडी वाजून आली. वैशाखात गोधडी. गावातल्या डॉक्टरनं सुई दिली, गोळ्या दिल्या, उन्हाचं आहे म्हणाला. दुसऱ्या दिवशी पोट दुखायला लागलं आणि ते पखवाजासारखं ताठ झालं, हात लावू देईना. उलटीत नुसतं पाणी. सुरेश गाडी घेऊन आला आणि आम्ही तिला वसईला हॉस्पिटलात नेलं. तिथे पोटाचा फोटो काढला, सोनोग्राफी म्हणतात ती. नंतर डॉक्टरीण आली, सुनेच्या वयाची, पण बोलायला शांत. खाटेच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सुरेश आणि मनीषा. द्वारका डोळे मिटून पडलेली.

"आजोबा, आजींना अंगावरून काही जात होतं का? पांढरं, पिवळं, रक्त, वास येणारं काहीही?"

सुरेश भिंतीकडे बघायला लागला. मी म्हटलं, "नाही. तिची ढोपरं दुखायची."

द्वारकेनं डोळे उघडले. "ढोपरं कसली," ती म्हणाली. आवाज बारीक, पण राग होता त्यात. "मी सांगितलं नव्हतं का तुम्हाला?"

"कधी सांगितलंस?"

"शिमग्यापासून दगडावर बसले होते. आनखी कसं सांगतात?"

डॉक्टरीणबाई एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. कुठला दगड, तिला काय कळणार. मला कळलं. खाटेचा गज हातात होता, तो मी धरून ठेवला.

"आनि मग थांबलं," द्वारका म्हणाली, आता डॉक्टरणीकडे बघून. "सुकलं सगळं. मी बरी झाले. न्हाले, मोगऱ्यात गेले. ह्यांनी बघितलं ना मला."

"थांबलं, तिथेच घोटाळा झाला, आजी," डॉक्टरीण म्हणाली, आणि मग तिनं आम्हाला बाहेर नेऊन समजावलं. म्हातारपणी पिशवीचं तोंड आवळतं. आत जखम होते, पू होतो. तोंड उघडं असेतो तो अंगावरून जातो. तोंड मिटलं की जायचं थांबतं, आणि बाईला वाटतं बरं झालं. पण आत साठत जातं, साठत जातं. साखर असली की आणखी वाईट. आणि एक दिवस पिशवीच फुटते. मी म्हटलं, म्हणजे गळूसारखं. ती म्हणाली, हो, पण गळू बाहेर फुटतं, हे आत फुटलंय. पोटभर पसरलंय. ऑपरेशन आत्ता करायला हवं, आणि वय बघता मी काही कबूल करत नाही. आधी आणलं असतं तर, असं सुरेशनं विचारलं. ती म्हणाली, आधी आणलं असतं तर पू काढला असता, औषधं दिली असती, मग पिशवीचं बघितलं असतं. आत दुसरं काही वाईट नाही ना, तेही तपासलं असतं. बऱ्याच बाया बऱ्या होऊन घरी जातात.

हे वाचून तरण्या बायकांनी आपल्या आईला, सासूला विचारावं, म्हणून ती जे म्हणाली ते तसंच लिहितो. पाळी जाऊन वर्षं झाली आणि पुन्हा अंगावरून काहीही गेलं, रक्ताचा नुसता डाग पडला, तरी डॉक्टरला दाखवायचं. थांबलं तरी दाखवायचं. तो विटाळ नव्हे, दुखणं आहे. आणि म्हाताऱ्यांनो, तुम्हीही विचारा. तोंडानं विचारा. बायको शिव्या घालेल. घालू दे.

ऑपरेशनला न्यायच्या आधी मला दोन मिनिटं तिच्यापाशी सोडलं. मी तिचा हात धरला. हात तापलेला होता आणि बोटांच्या टोकांना अजून सोपटाचा काळा डाग होता, तो कधी जात नाही. तिनं विचारलं, "मोगरा कोन खुडतंय?"

"फिलू," मी म्हटलं.

"तिला म्हनावं, खालच्या फांद्या बघ. ती पन तुमच्यासारखीच, उभ्याने खुडते." मग म्हणाली, "आनि तुम्ही वाल भिजत घातलेत का?"

मी घातले म्हणालो. घातले नव्हते.

ऑपरेशन झालं, पण जंतू रक्तात गेले होते. ती पुन्हा बोलली नाही. नळ्या, यंत्रं, आणि काचेतून बघायचं. दोन दिवस तसे गेले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सुरेश माझ्याकडे चालत आला. त्याच्या चालण्यावरून मला समजलं. आमच्या घरात सांगण्याची पद्धत तीच आहे, म्हणायची.

तिला घरी आणलं. सवाष्ण गेली, म्हणून बायकांनी हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, केसांत गजरा माळला. तो गजरा सोपाऱ्याच्या बाजारातून आणलेला होता, नायलॉनच्या दोऱ्यात बांधलेला. सुतकाच्या घरात आपल्या वाडीचं फूल कोण खुडणार. दाराबाहेर मोगरा फुललेला, तीन दिवस धड कोणी न खुडलेला, सगळ्या अंगणात वास, आणि तिच्या केसांत बाजारचा गजरा. तिनं बघितला असता तर नाक मुरडलं असतं, एवढं नक्की.

लोक पांगल्यावर संध्याकाळी फिलू माझ्यापाशी ओट्यावर येऊन बसली. फिलू म्हणजे फिलोमिना, आमच्या पलीकडच्या वाडीची. तिचं आणि द्वारकेचं लग्न एकाच वर्षातलं. दोघींनी बांधावरून एकमेकींना आयुष्यभर कालवण, कैऱ्या आणि टोमणे दिले. ती बराच वेळ हातातली जपमाळ फिरवत बसली.

"दादा, मला म्हाईत होतं," ती म्हणाली. "अंगावरून जातंय ते. मी म्हटलं तिला, दाखव डॉक्टरला. तर म्हने, मोगऱ्याचा हंगाम जाऊ दे, मग बघू. ह्या वयात हे सुरू झालं, लोक हसतील. मी म्हटलं, दादाला तरी सांग. तर म्हने, त्यांना म्हाईत आहे."

फिलूनं जपमाळ मुठीत धरली.

"म्हने, आमचे हे समजून घेतात गं. एवढे दिवस बसले, पन एक शब्द विचारला नाही. उलट रोज हसवतात मला. असा मानूस मिळत नाही, फिलूबाय, म्हने." फिलूनं पदरानं तोंड पुसलं. "तुमच्यात दगड तरी आहे, दादा. आमच्यात तो पन नाही, आनि सांगत आमच्या बाया पन नाहीत."

ती उठून गेली. मी तिथेच बसून राहिलो. लोक मला विचारतात, इतके दिवस ती दगडावर बसत होती, तुला कळलं कसं नाही. सत्तरीच्या बाईचं कोणाला कळेल? मी त्याचा हिशेब करत बसलेलो नाही. मला सलतं ते दुसरंच. ती समजत होती की मी ओळखून आहे. ती खूश होती माझ्यावर. आणि मीही खूश होतो, की ती पुन्हा दगडावर येऊन बसते, पुन्हा माझ्याशी बोलते. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघंही खूश होतो, आणि आत ते साठत होतं... आजही कोणी म्हटलं, तुला तिचा एक दिवस परत मिळेल, कुठला घेशील, तर मी लग्नाचा घेणार नाही, सुरेशच्या जन्माचा घेणार नाही. तिथलाच एखादा मागेन. ती दगडावर, मी वाफ्यात. फक्त त्या दिवशी मी ढोपरांचं बोलणार नाही. खुडणं टाकून तिच्याजवळ जाईन आणि तोंडानं विचारीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं जाग आली. घरात पाहुणे झोपलेले, कोपऱ्यात तिच्या नावानं दिवा लावलेला. मी उठलो, चूळ भरली, परडी घेतली आणि वाफ्याकडे गेलो. पाऊल बांधावर ठेवलं आणि तिथेच थांबलो. मी सुतकात होतो. ह्या रीतीवर माझा विश्वास आहे का, तर नाही. ह्या रीतीनंच बाई नेली माझी, असं ओरडावंसं वाटत होतं. पण बांधापुढे पाऊल जाईना. तिनं इतके आठवडे, अंगात पू घेऊन, ते पाऊल आत टाकलं नव्हतं.

मी परडी खाली ठेवली आणि दगडावर बसलो.

इतक्या वर्षांत मी त्यावर कधी बसलो नव्हतो. रात्रीच्या दवानं गार होता. मधल्या चिरेत सोपटाचे धागे अडकलेले होते, काही जुने काळे, काही अजून पिवळे. मांजर आलं, मला पाहिलं आणि पायाशी बसलं. उजाडायला लागलं. समोर वाफा पांढराशुभ्र, फुलून वाया गेलेल्या फुलांचा. आणि बसल्या जागेवरून मला झाडांच्या खालची बाजू दिसत होती. उभ्या माणसाला पानं दिसतात. दगडावर बसलेल्याला पानांच्या आतलं दिसतं. खालच्या फांद्यांत टपोऱ्या कळ्या लोंबत होत्या, ओळीच्या ओळी, ज्या मी पन्नास उन्हाळे सोडत आलो होतो.

फिलू परडी घेऊन बांधावरून आली. मला दगडावर बसलेला बघून ती थबकली. मग तिनं चप्पल बांधावर काढून ठेवली, आत गेली आणि खुडायला लागली, उभ्यानंच. पहिलं झाड झालं, दुसरं झालं, ती पुढे जायला लागली.

"फिलू," मी म्हटलं, "डाव्या हाताला. खालच्या फांदीत."

ती वळली. "तिथून दिसतं तुम्हाला?"

"दिसतं. पान उचल."

फिलू खाली बसली आणि तिनं पान उचललं.